घोरपड आणि वानर

फ्यूज उडालेल्या बल्बची पितळी टोपी चाकूने काढायची, आतली काचेची नळी हलक्या हाताने मोडून बाहेर घ्यायची आणि बल्बमध्ये काठोकाठ पाणी भरायचं. झालं भिंग तयार. मग खोलीची दारं-खिडक्या लावायची, एकाने अंगणात आरसा धरून उन्हाची तिरीप दाराच्या फटीतून आत सोडायची. तिरिपीच्या वाटेत फिल्मचा तुकडा, त्याच्यापुढे बल्ब आणि समोरच्या भिंतीवर आजोबांचं धोतर. आरसा धरणारा पोरगा पेंगला की सिनेमा बंद. पाळ्या लावलेल्या असायच्या आणि आरशाची पाळी कुणालाच नको असायची.

तुकडे मिळायचे यात्रेतल्या तंबूत. कृष्णाकाठच्या आमच्या गावात दरवर्षी यात्रेला टुरिंग टॉकीज यायची. रीळ तुटलं की ऑपरेटर ते जोडताना दोन-चार चौकटी कापून टाकायचा आणि सकाळी आम्हाला पाच पैशाला चार या भावाने विकायचा. माझ्याकडच्या एका तुकड्यात घोड्यावर बसलेले शिवाजीमहाराज होते. तुकडा सरळ धरला की धोतरावर महाराज उलटे यायचे, घोड्याचे खूर आढ्याकडे. म्हणून तुकडाच उलटा धरायचा. ही युक्ती कुणी शिकवली नव्हती, चुकत चुकत सापडली होती.

साल १९७७-७८, मी चौथीत. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला चौथीचा इतिहास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. 'शिवछत्रपती' हे पुस्तक आमच्या आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांनी वाचलं. दिवसा शाळेत महाराज, रात्री तंबूत महाराज. महाराज दिसायला कसे होते असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातल्या चंद्रकांत मांढऱ्यांचा चेहरा सांगितला असता आणि त्यावर पैजही लावली असती.

त्याच वर्षी गॅदरिंगला आमच्या वर्गाने कोंढाण्याचं नाटक केलं. मला संवाद नव्हता. मी पडद्यामागे स्टुलावर उभा राहून सुतळी ओढायची, म्हणजे पुढे पुठ्ठ्याची घोरपड कड्यावर चढायची. कडा म्हणजे गोणपाटावर मारलेला चुना आणि काजळी. ऐन वेळी सुतळी खिळ्यात अडकली, मी जोर लावला, ती तुटली आणि यशवंती थेट शेलारमामाच्या दाढीवर पडली. दाढी सुटली. सगळं गाव हसलं. पण तानाजी झालेल्या पोराने प्रसंग राखला. घोरपड हातात उचलून त्याने "आधी लगीन कोंढाण्याचं!" अशी आरोळी ठोकली, जी खरं तर दोन प्रवेश आधीच होऊन गेली होती. टाळ्या पडल्या त्या पडल्याच.

या आठवणी उकरून काढायचं कारण सध्या चाललेला वाद. ऐतिहासिक चित्रपट आला की आपल्याकडे ठरलेला क्रम सुरू होतो. ट्रेलरवर आक्षेप, कुणाच्या तरी वंशजांची नाराजी, कुठेतरी खेळ बंद पाडणं, मग "प्रदर्शनाआधी इतिहासतज्ज्ञांच्या समितीला दाखवा" ही मागणी. दुसऱ्या बाजूला तोच चित्रपट करमुक्त करण्याची मागणी आणि शाळेच्या पोरांची रांग लावून थिएटरात नेणं. दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर धावून जातात, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. चित्रपट हा इतिहासाचा तास आहे, हे दोघांनीही गृहीत धरलंय. एकाला तो तास चुकीचा वाटतो, दुसऱ्याला उत्तम.

मला हे गृहीतच मान्य नाही. लहानपणी सिनेमाने लावलेलं वेड आणि इतिहासाने लावलेलं वेड एकाच पोरात एकत्र राहू शकतं, त्यातून आयुष्य घडू शकतं, माझं घडलं. पण ते घडलं तंबूतला सिनेमा खरा होता म्हणून नाही. तो बऱ्याच ठिकाणी खोटा होता, आणि ते मला स्वतःला, कुणी न सांगता, एका दुपारी कळलं म्हणून.

ती दुपार कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची. साताऱ्यात रद्दीच्या दुकानात सभासदाच्या बखरीची एक प्रत मिळाली, पाठीमागचं पान नसलेली. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजीमहाराजांच्या दरबारातला माणूस. राजाराममहाराज जिंजीला असताना, त्यांच्या सांगण्यावरून, १६९७ च्या सुमारास त्याने ही बखर लिहिली. म्हणजे कोंढाणा घेतला ४ फेब्रुवारी १६७० ला, आणि लिहिणारा त्याच काळात वावरलेला. मी साहजिकच आधी तानाजीचं पान काढलं. पान कसलं, जेमतेम एक परिच्छेद. त्यात रायबाचं लग्न नाही. ऐंशी वर्षांचा शेलारमामा नाही. घोरपड तर नाहीच. सभासद सांगतो की तानाजीने दोन चांगले मर्द मावळे निवडून कड्यावर चढवले, ते "जैसे वानर चढतात" तसे चढले, मग त्यांनी वरून माळ सोडली आणि तीनशे माणूस वर गेला.

मला राग आला. खरंच आला. सुतळी तुटली तेव्हा नव्हती आली एवढी नामुष्की वाटली. घोरपड कुठून आली मग? ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून आली, हे नंतर कळलं. लग्न तिथलंच, मामाही तिथलाच. पुढे हरी नारायण आपट्यांनी कादंबरी लिहिली, बाबुराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात त्या कादंबरीवर 'सिंहगड' हा मूकपट काढला, त्यात शेलारमामा झाला होता शांताराम नावाचा तरुण, जो पुढे व्ही. शांताराम म्हणून गाजला. शाहिराकडून कादंबरीकाराकडे, कादंबरीकाराकडून पडद्यावर आणि पडद्यावरून आमच्या गोणपाटाच्या कड्यावर, असा त्या घोरपडीचा प्रवास होता.

राग ओसरल्यावर मी तो परिच्छेद पुन्हा वाचला, आणि हे मी आजपर्यंत भेटेल त्याला सांगत आलोय, की तो आमच्या तंबूतल्या कुठल्याही चित्रपटापेक्षा जास्त सिनेमा आहे. उदेभान आणि तानाजी समोरासमोर येतात. तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करतो. दोघंही पडतात. तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो. आणि मग गडावर घोड्यांच्या पागा असतात त्यांना आग लावतात, कशासाठी, तर त्या उजेडावरून राजगडावर बसलेल्या महाराजांना कळावं की गड फत्ते झाला. विचार करा, रात्र, मधे सगळा अंधारा मुलूख, आणि एक माणूस राजगडाच्या तटावरून दूरवर उठलेला लाल उजेड बघतोय. त्याला गड मिळाल्याचं कळलंय, तानाजी गेल्याचं अजून कळलेलं नाही. असा शॉट आमच्या तंबूत कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट त्या परिच्छेदात होती, जी पचायला मला फार वर्षं लागली. सिनेमातला उदेभान म्हणजे मिशा पिळणारा, बायका पळवणारा खलनायक. सभासद मात्र त्या दोघांना मिळून "महाशूर" म्हणतो. शत्रूचा माणूस, तोही आपला तानाजी मारणारा, आणि त्याला महाराजांच्याच दरबारातला लेखक महाशूर म्हणतो! तंबूने मला शूर कसं व्हायचं ते शिकवलं होतं, समोरच्यालाही शूर म्हणता येतं हे नव्हतं शिकवलं.

बखरीत महाराजांच्या तोंडी वाक्य आहे ते असं: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." सिंह नाही. आणि "सिंह गेला म्हणून सिंहगड" हे जे आपण सगळे सांगतो, तेही टिकत नाही, कारण एप्रिल १६६३ च्या, म्हणजे तानाजी पडायच्या जवळपास सात वर्षं आधीच्या महाराजांच्या पत्रात गडाचा उल्लेख सिंहगड असाच आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "मग आता काय करायचं म्हणतोस? नाव बदलायचं?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. काहीच करायचं नव्हतं. फक्त माझ्या डोक्यात एक नवी सवय बसली होती. कुणी काही सांगितलं की विचारायचं, हे लिहिलंय कुठे, लिहिलं कुणी, आणि कधी.

त्या सवयीनेच मी मोडीकडे गेलो. तेव्हा नुकताच सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो. रविवारी एसटीने पुण्याला जायचं, मोडीचा वर्ग करायचा, रात्री परत. आधी कागदभर शिरोरेघा मारून घ्यायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जायचं. हात उचलायचा नाही, शब्दाशब्दात जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाची पंचाईत नाही. आमची ही म्हणायची, "लोक रविवारी सिनेमाला जातात." मी म्हणायचो, मी पण तिकडेच चाललोय.

तीस-बत्तीस वर्षं त्या मोडीचा कचेरीत कुणाला उपयोग नव्हता. रेकॉर्ड रूममधल्या रुमालांवर धूळ आणि माझ्यावर थट्टा. मग २०२३ साल उजाडलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुने दस्त, जन्ममृत्यूची कोतवाल बुकं बाहेर निघाली आणि लक्षात आलं की त्यातलं कितीतरी मोडीत आहे आणि वाचणारे जिल्ह्याजिल्ह्यांत बोटांवर मोजण्याइतके. महिनाभरात मी कचेरीतला सगळ्यात लाडका माणूस झालो. बाहेर बाकावर म्हातारी माणसं सकाळपासून बसलेली. एकाने आपल्या खापरपणजोबाचं नाव मी वाचून दाखवल्यावर त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. आरक्षणाच्या वादात मला इथे जायचं नाही. मला एवढंच दिसलं की एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार एका लिपीवर येऊन अडला होता, आणि ती वाचणाऱ्या एका तरी माणसाला तिथपर्यंत पुठ्ठ्याच्या घोरपडीने आणून सोडलं होतं.

आता समितीच्या मागणीकडे येतो. तज्ज्ञांनी आधी बघून दिलेला चित्रपट "खरा" असेल, हा विश्वास मला भाबडा वाटतो. याचं ताजं उदाहरण संभाजीमहाराजांवरच्या २०२५ मधल्या हिंदी चित्रपटाचं. त्यातल्या लेझीमच्या दृश्यावर प्रदर्शनाआधीच गदारोळ झाला, निर्मात्यांनी ते दृश्य काढून टाकलं, सगळ्यांना आपण इतिहास वाचवल्याचं समाधान मिळालं. चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याची गोष्ट होती. मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला लोक रात्री टॉर्च, फावडी, मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणायला लागले. मोगलांच्या मोहरा सापडतायत अशी आवई उठली होती. लेझीम कुणाला इजा करणार नव्हती, ती गेली. सोन्याची गोष्ट कुठल्याच समितीला खटकली नसती, कारण बुऱ्हाणपूरची लूट हा इतिहासच आहे. पडद्यावरची गोष्ट खरी असूनसुद्धा माणसं तिचं काय करतील, हे पडद्यावर अवलंबून नसतं.

"मग काय, कुणीही काहीही दाखवावं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चित्रपट कोटींनी लोक बघतात, बखर शेकड्यांनी. एकदा चुकीची प्रतिमा बसली की ती पिढ्यान्‌पिढ्या उठत नाही. याला संभाजीमहाराजांइतका मोठा पुरावा नाही. व्यसनी, बाईलवेडा, बापाचं राज्य घालवणारा पोरगा म्हणून शंभर वर्षं तरी ते रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरले. पण ही प्रतिमा आली कुठून? नाटकवाल्यांनी हवेतून नाही काढली. ती बखरीतून आली. मल्हार रामराव चिटणीसाने संभाजीमहाराजांनंतर शंभरावर वर्षांनी बखर लिहिली, आणि त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजीमहाराजांनी देहान्ताची शिक्षा दिली होती. म्हणजे कागदालाही भाऊबंद असतात, कागदही जुनी उणीदुणी काढतो. समितीत बसलेल्या विद्वानाने १९२० साली चिटणिसाच्या आधारे नाटक "तपासलं" असतं, तर व्यसनी संभाजीला त्याने इतिहासमान्य म्हणून शिक्का मारून दिला असता.

तो शिक्का पुसला वा. सी. बेंद्र्यांनी. चाळीस वर्षं कागद गोळा करून, इंग्लंडपर्यंत जाऊन तिथली दफ्तरं चाळून, १९६० साली त्यांनी संभाजीमहाराजांचं चरित्र छापलं. त्यानंतर कमल गोखल्यांचं काम आलं. मग नाटकं बदलली, कादंबऱ्या बदलल्या, सिनेमा बदलला. त्या नाटकवाल्यांपैकी राम गणेश गडकरी १९१९ मध्येच वारलेले. बेंद्र्यांचं पुस्तक त्यांना मिळणं शक्यच नव्हतं. तरी जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा फोडून मुठेत टाकला गेला. पुतळा फोडणारांना ज्या संभाजीमहाराजांचा अभिमान होता, ते संभाजीमहाराज त्यांना बेंद्र्यांनी मिळवून दिले होते. आता किती जणांना बेंद्र्यांचं नाव माहीत होतं, हे विचारायला मी तिथे नव्हतो.

आणि सरकारने चित्रपट तपासायचा म्हटलं की मला १९३० आठवतं. शांतारामांनी प्रभातमध्ये शिवाजीमहाराजांवर चित्रपट काढला, स्वतः महाराज झाले, नाव ठेवलं 'स्वराज्याचं तोरण'. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला स्वराज्य हा शब्द बोचला. नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं, तेव्हा कुठे तो लागला. त्या साहेबाला इतिहासाची चिंता नव्हती, लोक काय करतील याची होती. आजच्या आक्षेपकांची चिंता प्रामाणिक असेल, पण कात्री त्याच पेटीतली आहे.

म्हणजे सिनेमाला मोकळं सोडायचं, आणि पोरांना? पोरांना मोकळं सोडून चालणार नाही, एवढं मला पटतं. फक्त त्यांना राखायची जागा थिएटरच्या दारात नाही, शाळेत आहे. तानाजीचा धडा शिकवताना सोबत सभासदाचा तो एक परिच्छेद द्या ना. अर्धं पान. अवघड शब्दांचे अर्थ खाली. शेजारी पोवाड्यातल्या घोरपडीच्या ओळी. आणि प्रश्न एकच: दोन्हीत काय वेगळं आहे, आणि का असेल? दहा वर्षांच्या पोराला हे जड जाईल असं म्हणणाऱ्यांनी त्या पोराला क्रिकेटच्या आउटवर वाद घालताना ऐकावं. कोण कुठे उभा होता, कुणाला दिसलं, कोण आपल्या टीमचा म्हणून खोटं बोलतोय, सगळं त्याला कळतं. साक्षीपुरावा त्याला शिकवावा लागत नाही, इतिहासाच्या तासाला तो वापरायची परवानगी तेवढी द्यावी लागते. ती आपण देत नाही. आपण त्याला धडा पाठ करायला लावतो, मग चित्रपटाला नेतो, आणि धडा आणि चित्रपट जुळले की म्हणतो, बघ, खरं आहे की नाही.

सिनेमाचं वेड असलेल्यांकडे मात्र माझी वेगळी तक्रार आहे. इतिहासावर प्रेम करणारा निदान कागद जपतो. सिनेमावर प्रेम करणाऱ्यांनी सिनेमा जपला नाही. १६६३ मधलं महाराजांचं पत्र मी आज वाचू शकतो. १९२३ मधला पेंटरांचा 'सिंहगड' मी बघू शकत नाही. साडेतीनशे वर्षांमागचा कागद टिकला, शंभर वर्षांमागची फिल्म गेली. आपल्या बहुतेक मूकपटांचं असंच झालं. नायट्रेटची फिल्म पेट घेणारी, सांभाळायला महाग, आणि तिच्यातली चांदी काढून विकता येते हे कळल्यावर कुणी कुणी रिळं त्यासाठीच विकून टाकली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातली कितीतरी जुनी नायट्रेट रिळं जळाली, त्यात प्रभातची होती.

जे वाचलं त्यातलं बरंच एका माणसामुळे वाचलं. पी. के. नायर हे मूळचे तिरुवनंतपुरमचे. पोरवयात तंबूत वाळूवर बसून सिनेमे बघायचे आणि तिकिटांचे फाटके तुकडे गोळा करायचे. वजनाच्या मशीनमधून निघणारी नटनट्यांच्या चित्रांची कार्डंसुद्धा जपून ठेवायचे. घरच्यांना अर्थात हे आवडत नसे. १९६४ मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि तिकिटं जमवणारा तो पोरगा तिथे रिळं जमवायला लागला. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडे जाऊन त्यांनी मिळतील ती रिळं आणली. १९१९ चा 'कालिया मर्दन', ज्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती, आज आपण बघू शकतो तो त्यांच्या कष्टांमुळे. मराठी माणसाच्या चित्रपटाचा इतिहास एका मल्याळी पोराच्या नादाने वाचला. आमच्यातल्या किती पोरांनी तिकिटं जमवली असतील, आणि किती आयांनी ती चुलीत घातली असतील!

माझेही फिल्मचे तुकडे गेले. बारावीला असताना घर सारवायच्या वेळी आईने जुनं पत्र्याचं डबडं रिकामं केलं. तिची चूक नाही. मी स्वतः तोवर त्याच्याकडे बघेनासा झालो होतो. त्यात घोड्यावरचे महाराज होते. कुठल्या चित्रपटातले, ते आता कधीच कळणार नाही, आणि मोडी येत असून त्याचा इथे काही उपयोग नाही.

गेल्या दिवाळीला बहिणीकडे होतो. भाची सहावीत आहे. तिने मोबाइलवर सगळे गडकिल्ल्यांचे चित्रपट पाहून झालेत, काही दोनदोनदा, आणि मी तिला त्याबद्दल कधी टोकलं नाही. अंगणात किल्ल्याचं काम चाललं होतं. विटा, त्यावर ओली पोती, त्यावर चिखल, अळीव पेरून दोन दिवस झालेले, कोंब नुकते फुटत होते. बाजारातून आणलेल्या मावळ्यांत यंदा एक रबराची पाल होती. घोरपड म्हणून. दोरा बांधून तयार.

मी तिला सभासदाचं पान वाचून दाखवलं. मोबाइलवरूनच. ती ऐकत होती का नव्हती, कळेना. तिचे हात चिखलात. वाचून झाल्यावर म्हणाली, "मामा, मग घोरपड नव्हतीच?"

"पोवाड्यात होती. बखरीत नाही."

"बखर आधीची का पोवाडा आधीचा?"

मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी पडला होता तो प्रश्न हिला सहावीत पडला. मी सांगायला तोंड उघडलं तोवर ती पुढे गेली होती. पागा कशाच्या करायच्या, गवताच्या का खराट्याच्या काड्यांच्या? आग खरीच लावायची का? आतून बहिणीचा आवाज आला की काडेपेटीला हात लावशील तर बघ. मग शेजारच्या दादाकडून लाल एलईडी आणायचं ठरलं. घोरपड तिने काढली नाही. ती तिने गडाच्या मागच्या बाजूला, पोवाड्याची बाजू म्हणून ठेवून दिली.

संध्याकाळी ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तुळशीपाशी, विटा मांडायला लागली. म्हटलं, आता हे काय?

"राजगड," ती म्हणाली. "महाराज तिकडून बघतायत ना. पण मामा, किती लांब ठेवू? पागेचा उजेड इथपर्यंत दिसायला पाहिजे."